हार घातलेलं टेबल

हिंगोलीच्या आमच्या दीड खोलीत माझं टेबल भिंतीत राहतं. फळी खाली ओढली की दोन साखळ्या ताणतात आणि टेबल होतं. वर उचलून कडी लावली की नुसती भिंत. फळीमागं वीतभर खोल खण आहेत. वरच्यात माझे कागद, खालच्यात आईची ब्लाउजांची कापडं. सकाळी मी त्या फळीवर लिहिते, दुपारी आई कापड बेतते.

फळी मिटली की मला वाटतं, आत काहीतरी चालू आहे. मोंढ्याच्या बाजाराकडून हळदीची भुकटी वाऱ्यावर येते, उन्हाच्या पट्ट्यात तरंगते, आणि मी भिंतीला टेकून पडते. डुलकीत खणांच्या मागं आणखी एक खोली दिसते. उजेडाची, लांबच लांब, कुणीही येऊन बसावं अशी. माझी वाक्यं तिथं आईच्या कापडांवर निजलेली असतात.

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा होते तेव्हा प्रत्येक सभेहून खिसा भरून आणायचे. ‘लेखणी हेच हत्यार’ हे मला श्लोकांच्या आधी पाठ झालं.

गेल्या खंडेनवमीला असंच एक पत्रक मी लिहून ठेवलं होतं. आईच्या माहेरगावात मुलींना वाचत बसायला एकच खोली होती. ती मामाच्या खताच्या पोत्यांना द्यायचं ठरलं होतं. दसऱ्याला सगळा गाव आपट्याचं सोनं वाटायला पारावर जमतो. पत्रक तेव्हाच वाटायचं होतं. मामा आईचा सख्खा भाऊ, म्हणून तिला मी काही सांगितलं नव्हतं. छापखान्याचे काका दुपारी मशीन पुजून छपाई बंद करणार होते.

अंघोळ करून आले तर फळी मिटलेली. कडीला झेंडूचा हार, लाकडावर हळदीकुंकवाची बोटं. शेजारी शिलाई मशीनही पुजलेलं. माझे कागद आत.

“आई, हे काहून मिटलंस?”

“आज हत्यारं पुजतात. पुजल्यावर उद्यापर्यंत हात लावायचा न्हाई.”

“हत्यार तुझं मशीन हाय. हे टेबल हाय.”

“मग रोज तिथं बसून काय करून राहिली तू? भाजी निवडून राहिली का?”

मी कडीकडं हात नेला. असल्या पूजा मी मानत नाही, आजही नाही. पण ‘लेखणी हेच हत्यार’ छापणाऱ्यांपैकी कुणी माझ्या लिहिण्याला कधी हत्यार समजलं नव्हतं. आईनं त्याला हार घातला होता. हात आपोआप खाली आला.

मी काकांना फोन लावला. “कागद अडकलेत. मी सांगते, तुमी टाइप करून घ्या.”

“पाठ हाय का ताई?”

“व्हय.”

“मग कागदाचं कशाला रडगाणं?”

फळीला कपाळ टेकून, डोळे मिटून मी सांगत गेले. वाक्यं आतून कुणीतरी पुढं सरकवत होतं जणू, संथ, एकामागून एक. गावाचं नाव आलं तेव्हा आईचा फुलं निवडणारा हात थांबला. पोत्यांचं आलं तेव्हा ती उठून माझ्यामागं उभी राहिली. मी थांबले नाही.

“खाली नाव कोणाचं?” काकांनी विचारलं.

“एक वाचक.”

“बिननावाचं मी छापत न्हाई. उद्या कोणी विचारलं तर?”

मी माझं सांगणार, तोच आई म्हणाली, “भाचीचं कोण ऐकतंय तिथं? आण इकडं.”

तिनं फोन घेतला. आपलं नाव सांगितलं, मग वडलांचं, मग माहेरचं आडनाव, सावकाश, काकांना बराबर लिहिता यावं असं.

“ठळक टाका,” ती म्हणाली. “आन् एक मला येगळं द्या. उद्या सोनं द्यायला भावाच्या दारात जायचंच हाय.”