गोड विहीर

पाणीपुरवठा खात्यात मला इंजिनीअर म्हणत असले, तरी वर्षातला बराच काळ मी लोकांच्या विहिरींत टेप सोडून उभा असे. टेपला खडू फासायचा, तो खाली सोडायचा आणि ओला कुठवर झाला ते पाहायचं. काही ठरावीक विहिरींची पातळी आम्ही अशी मोजत असू, आणि कोणत्या गावाला टँकर मिळणार ते त्यावरून ठरे. त्या वर्षांत वऱ्हाडात दुष्काळ पाहायला मुंबईहून पथकं येत आणि हळहळून परत जात. आमचं टेप सोडणं चालूच असे.

अकोटकडच्या खारपाणपट्ट्यातल्या एका गावात सगळं पाणी खारट, एका घरची विहीर तेवढी गोड. आमच्या मोजणीतली विहीर तीच होती. त्या घरच्या म्हातारीला तिचा भारी तोरा. पोरांची लग्नं जुळवताना ती पाहुण्यांना चहाआधी विहिरीचं पाणी पाजायची म्हणे. त्या उन्हाळ्यात विहीर आटत आली होती आणि गाव टँकरवर तगून होतं. तो चालू राहणं आता माझ्या मोजणीवर होतं.

वैशाखात गेलो, तर पाणी कमरेइतकं वर चढलेलं. पावसाचा थेंब नाही. म्हातारीनं विहिरीतलंच पाणी तांब्यात भरून पुढे केलं. शहरात जठारपेठेतल्या आमच्या घरी नळ आठवड्यानं यायचा, एरवी टँकरचंच पाणी; त्यामुळे त्यातल्या ब्लिचिंग पावडरचा वास माझ्या नाकात मुरलेला होता. तांब्याला तोच वास आला. हे पाणी टँकरचं होतं. एरवी शाळेजवळच्या टाकीत रिकामा होणारा टँकर तिनं सकाळी स्वतःच्या विहिरीत ओतायला लावला होता.

मला संताप आला. ही पातळी लिहिली तर गावाचा टँकर बंद होईल, असं मी तिला सुनावलं. ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पावन्याले कोरडी इहीर दाखवाची कशी, साहेब?" ती म्हणाली. "लोक म्हनतीन, या घरानं पानी आटवलं."

मी टेप गुंडाळला आणि बायांना पाणी उपसून न्यायला सांगितलं. वाट्याचं पाणी तेच असल्यानं कुणाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. दुपार कलेपर्यंत बादल्या तळ खरवडू लागल्या. तोवर म्हातारी ओट्यावर विहिरीकडे पाठ करून बसली होती. मला तिची दया येत होती, पण मोजणी टाळता येत नव्हती.

टेप टोकाला चिखल घेऊन वर आला. तेव्हा ती उठली, काठाशी आली आणि बराच वेळ आत पाहत राहिली.

"आटली लिवा," ती म्हणाली.

टँकर चालू राहिला. दर खेपेला मी निघताना ती विहिरीचं पाणी द्यायची. त्या दिवशी तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, शेजारणीच्या दारात गेली आणि माझ्यासाठी तांब्याभर पाणी मागून आणलं.