सावत्र आईचं दुसरं गाणं

बायकांची कामं करणारे नट आमच्या किनाऱ्यावर पुष्कळ होऊन गेले, पण शिव्या खाव्यात त्या मीच. बेंट्सिल मास्तरांच्या नाटकात मी सावत्र आई व्हायचो. पोरक्या मुलीला उपाशी बसवून तिच्यासमोर मासे खायचो आणि मास्तरांनी बांधलेलं गाणं म्हणायचो, "काटे तुला, मासा मला!" ते ऐकलं की लगेच प्रेक्षक उठून रंगमंचावर यायचे, मुलीच्या हातात पाव, संत्री ठेवायचे आणि परतताना माझ्या दिशेनं थुंकायचे. असा मान कुणाला मिळतो?

त्यात सगळ्यांत पुढे अराबा. आमच्या सेकोंडी गावच्या बाजारात केंकी, म्हणजे केळीच्या पानात गुंडाळून उकडलेले आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे, विकायची, तेव्हा ऐन विशीतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी साधा शर्ट घालून तिच्या पाटीपाशी गेलो, तर म्हणाली, "तुला नाही. आधी त्या पोरीला जेवू घाल."

"अगं बाई, ती पोरगी म्हणजे आमचा क्वेसी. दाढी करतो! आत्ता तिकडे ताडी पीत बसलाय."

"पिणारच. घरात कोण विचारतंय त्याला?"

तर ही अराबा पुढे रेल्वेतल्या एशुन फिटरची बायको झाली. एशुन बिजवर, पदरी एफुआ नावाची चिमुरडी. मग काय, गल्लीतली कार्टी अराबाच्या दारावरून जाताना तेच गाणं म्हणायची. बाजारात भाव पटला नाही की गिऱ्हाईकही तेच गुणगुणायचं. त्यांना ती पुरून उरायची. पण एफुआ शाळा बुडवून समुद्रावर गेली, तरी अराबा तिला कुजबुजत रागवायची. शेजारी ऐकतील, म्हणतील, बघा, सावत्र ती सावत्रच. मी शेजारीच राहायचो. पोरीवर मोकळेपणानं ओरडता न येणारी आई मी तेवढी एकच पाहिली.

मागच्या महिन्यात रेल्वे क्लबात मास्तरांचा कार्यक्रम होता. आता ते ऐंशीच्या पुढचे. खुर्चीत बसून, गिटार मांडीवर घेऊन, कुठलं गाणं कसं सुचलं ते सांगणार आणि गाऊन दाखवणार. अराबा ठेवणीतलं लुगडं नेसून, एफुआचा हात धरून आली. दारातच मला म्हणाली, "कोबिना, आज मी बोलणार आहे. मास्तरांना सांगणार, मी मरायच्या आत ते गाणं माझ्या दारातून उचलून न्या."

"गाणं म्हणजे काय खाट आहे, उचलून न्यायला?"

"आणून कुणी टाकलं? त्यांनीच ना?"

मास्तरांनी ते गाणं म्हटलंच. सगळं सभागृह हसत हसत त्यांना साथ देत होतं. टाळ्या थांबल्या तशी अराबा उभी राहिली.

"मास्तर, एका वाईट सावत्र आईवर गाणं केलंत, चांगलं केलंत. बाकीच्यांचं काय?"

"बस गं, काटेवाली!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा झाला. मास्तर हसले नाहीत. गिटार सरसावून म्हणाले, "सांग, तू काय केलंस? गाण्यात घालतो."

बाजार गाजवणारी ती बाई, पण चारचौघांत स्वतःचं कौतुक कसं करायचं? "मी... जेवायला घातलं," एवढंच म्हणाली आणि खाली बसायला लागली.

तेवढ्यात एफुआ उठली. तिचेही केस आता पिकलेत. "मी सांगते. माझ्या ताटात कधी काटा आला नाही. आई बोटांनी मासा चाचपून काटे काढायची. मला मुलं झाली तरी काढायची. आता तिला नीट दिसत नाही, तरी काढते."

मास्तरांनी तारा छेडल्या. अराबा दचकली. "चाल तीच?"

"चाल गावानं घेतली, अराबा. ती मला परत मिळायची नाही. शब्द मात्र अजून माझे आहेत." आणि थरथरत्या आवाजात त्यांनी सुरू केलं, "काटे मला, मासा तुला..."

सभागृहानं ते उचललं. मीही माझा जुना बायकी आवाज लावला. एवढ्यात अराबानं हात वर केला. "थांबा! हे खोटं आहे."

मास्तरांनी तारांवर हात ठेवला.

"मासा तिला द्यायचे, पण डोकं मी खायचे. मला फार आवडतं. तेवढं घाला."

"घातलं," मास्तर म्हणाले. "काटे मला, मासा तुला, डोकं तेवढं माझं मला!"

आता अराबाच गायला लागली. सूर नाही, ताल नाही, पण आवाज असा की मास्तरांची गिटार ऐकू येईना.

"आई, अगं जरा हळू," एफुआनं तिचा हात ओढला.

"गप्प बस!" अराबा भर सभेत, सगळ्या गावासमोर, पोरीवर कडाडली. आणि पुढची ओळ गायला लागली.