शाळेच्या फोनसाठी राखलेली बॅटरी

मध्यंतरी काही दिवस माझी झोप उडाली होती, आणि कारण सांगायला मला अजून लाज वाटते. माझ्या फोनची बॅटरी दुपारी तीनलाच संपायची.

त्या जूनमध्ये माझी मुलगी मिठू पहिलीत गेली आणि मी हथखोजच्या एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात जायला लागले. मिठू एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला आणि मधे हा फोन. शाळेतून फोन येईल आणि नेमका तेव्हाच तो मेलेला असेल, हे चित्र डोळ्यांपुढून हलायचंच नाही.

मी हे अमोलला सांगितलं. अमोल म्हणजे माझा नवरा, इथल्या स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे.

"शाळेतून आजवर किती फोन आले तुले?" त्याने विचारलं.

"एकही नाई."

"मंग?"

"म्हणूनच तर."

तो कूस बदलून झोपला. पण तेव्हापासून आमच्या घराने माझी बॅटरी वाचवायचं मनावर घेतलं. आणि घरात एक थकलेला फोन आणि त्याला वाचवणारे इतके हुशार लोक असले, की किस्से साचायला काय लागतं? स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या पिशव्या साचतात, तसे साचतात. कोणी जमवत नाही, पण कपाट उघडलं की अंगावर येतात.

*

पहिला मान अमोलचा. एका रविवारी सकाळी त्याने माझा फोन मशीन उघडावी तसा समोर घेतला. लोकेशन बंद. ब्राइटनेस खाली. जी ॲप मी वर्षभरात उघडली नव्हती, ती सगळी बाहेर. मग फोन चार्जिंगला लावला.

आता मिठूला वायर ओढायची सवय. म्हणून त्याने प्लांटमधला एक जुना लाल टॅग चार्जरला बांधला. 'काम चालू आहे, हात लावू नये' असं लिहिलेला. प्लांटमध्ये या टॅगचा नियम कडक असतो. ज्याने बांधला, त्यानेच सोडायचा. दुसऱ्या कोणी सोडला तर आत काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. प्लांटच्या कॉलनीतल्या आमच्या सेक्टरमधल्या पोरांना हे पाढ्यांच्या आधी माहीत असतं.

टॅग बांधून अमोल ड्युटीवर गेला. संध्याकाळी परतला, तेव्हा फोन पूर्ण बंद पडलेला होता. भिंतीवरचं बटनच बंद होतं.

झालं असं होतं, की इतकी वर्षं पहिले सप्लाय बंद करायचा आणि मगच टॅग बांधायचा, ही त्याच्या हाताची सवय. हाताने आपलं काम चोख केलं होतं.

"अगं, बटन बंद हाय हे दिवसभर कोनाले दिसलं नाई?" अमोल म्हणाला.

"दिसलं ना," मिठू म्हणाली. "पण पप्पा, टॅग तुमचा होता."

खरं सांगायचं तर मलाही दिसलं होतं. पण मीही प्लांटच्या क्वार्टरमध्येच वाढलेली आहे.

*

माझे सासरे बोरसीला राहतात. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि तिकडे स्वतःचं घर बांधलं. मी त्यांना बाबा म्हणते, मिठू आबाजी म्हणते. सगळी नोकरी त्यांची ब्लास्ट फर्नेसवर गेली. ती भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझू द्यायची नसते. बाबांनी तोच कायदा मोबाईलला लावला.

त्यांचा फोन कायम चार्जिंगवर. हॉलमध्ये एक स्टूल, स्टुलावर रुमाल, रुमालावर फोन आणि मागे वायर. बोलायचं असलं की ते स्टुलाजवळ जाऊन वाकून बोलतात. वायर काढून फोन हातात घ्यावा, हे त्यांना पटत नाही. म्हणजे आम्ही त्यांना मोबाईल घेऊन दिला आणि त्यांनी त्याचा जुन्या काळचा घरगुती फोन करून टाकला.

मी एकदा समजवायला गेले. "बाबा, बॅटरी वीस ते ऐंशीच्या मधे ठेवाची असते. पूर्ण भरून ठेवली तं लवकर खराब होते."

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "अर्धी भट्टी कोन पेटवते, सुजाता? आन भट्टी थंडी पडली तं लोखंड आतच जमते. मंग घनानं फोडत बसा."

"पण बाबा, फोनात लोखंड नाई ना."

"तुले काय माईत, काय काय टाकून राहिले आजकाल."

पुढे त्या फोनचं पोट फुगलं. मागचं झाकण उघडून बाहेर आलं, तर बाबांनी त्याला दोन रबर बँड लावले. अमोल घाबरला आणि तसाच्या तसा फोन पावर हाउस बाजारातल्या एका दुकानात घेऊन गेला. बाबाही सोबत होते. दुकानदाराने फोन पाहिला आणि खुर्ची मागे सरकवली.

"काका, इसको फोन मत बोलिए. ये तो पापड़ हो गया है. इसको सेंक कौन रहा था?"

बाबा शांतपणे म्हणाले, "ड्युटी पर था."

नवी बॅटरी टाकली. घरी आल्यावर बाबांनी पहिलं काम काय केलं असेल? रुमाल झटकला आणि फोन पुन्हा स्टुलावर लावला.

*

ऑफिसात माझ्या शेजारी साहू भाभी बसतात. पाऊस लांबला की आमच्याकडे टेबलावर ठेवलेला पेनसुद्धा गरम लागतो, तिथे फोनची काय कथा. भाभींनी कुठेतरी ऐकलं, की गरमीने बॅटरी मरते. त्यांनी स्टीलचा डबा आणला, फोन रुमालात गुंडाळला, डब्यात ठेवला आणि डबा ऑफिसच्या फ्रिजमध्ये.

"ऐसे पानी जम जाएगा ना अंदर, भाभी," मी म्हटलं.

"तुम्हारा तीन बजे मरता है, मेरा शाम तक चलता है," त्या म्हणाल्या.

एका दुपारी आमचे मालक ताक घ्यायला फ्रिजपाशी गेले. उघडला तर डबा वाजतोय. मालकांनी डबा उघडला, रुमाल सोडला, फोन उचलला. पलीकडे भाभींचे मिस्टर. बायकोच्या फोनवर पुरुषाचा आवाज ऐकून त्यांनी कडक आवाजात विचारलं, "कौन बोल रहा है? कहाँ से?"

मालक गोंधळले. दुसऱ्या हातात ताकाचा ग्लास. खरं तेच बोलले, "जी, फ्रिज से."

दुसऱ्या दिवसापासून डबा बंद. भाभींचे मिस्टर मात्र आठवडाभर रोज संध्याकाळी त्यांना घ्यायला यायचे, आणि येता-जाता फ्रिजकडे बघायचे.

*

मी भाभींना हसले खरी, पण माझं वेगळं नव्हतं.

अमोलने फोनला पावर सेव्हर लावून दिला होता. त्यात म्हणे मेसेज उशिरा येतात. उशिरा म्हणजे किती उशिरा? हे कळायला मी फोन उघडून बघायचे. मेसेज नसला तर बॅटरी बघायचे. बॅटरी बघितली की ती कोण खातंय तेही बघायचे. मग फोन ठेवायचे आणि आपण उगाच बघितलं म्हणून वाईट वाटून घ्यायचे. ते वाईट वाटणं संपलं की पुन्हा बघायचे.

एवढं सगळं करूनही फोन तीनऐवजी अडीचला मरायला लागला. अमोलने बॅटरी कोण खातंय त्याची यादी उघडली. मी म्हटलं, "मिठूचे कार्टूनच असतील."

कार्टून खाली होतं. सगळ्यात वर होतं, सेटिंग्ज.

अमोलने फोन माझ्याकडे वळवला. मग म्हणाला, "सुजाता, हा फोन तुयाच काळजीनं मरून राहिला."

*

मिठूचा किस्सा म्हणावा की नाही, मला ठरवता येत नाही.

घरात सारखी टक्क्यांची चर्चा. ती पोर ऐकत असणारच. हळूहळू तिने कार्टून मागणं सोडलं. मला वाटलं, चला, हिला समज आली. मी शेजारी सांगितलंसुद्धा, की आमच्याकडे फोनसाठी हट्ट नाही. आपल्या हातून मूल बरं वाढतंय असं वाटायचे दिवस कमीच येतात, त्यामुळे मी जरा जास्तच सांगितलं.

मग तिचा वाढदिवस आला. केक आला, बोरसीहून बाबा आले, मी फोटो काढायला फोन उचलला. मिठूने केकवरची मेणबत्ती तशीच ठेवून विचारलं, "मम्मी, कितना परसेंट आहे?"

"आहे, भरपूर आहे. हस."

"एकच काढ. शाळेतून फोन आला तर?"

त्या वाढदिवसाचा आमच्याकडे खरोखर एकच फोटो आहे. त्यात बाबा तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलताहेत. नंतर कळलं, की ते तिच्याकडून स्वतःचा नंबर पाठ करून घेत होते. स्कूटरवर पुढे उभी असली की ती तोच नंबर गाण्यासारखा म्हणत असते.

*

आणि मग तो शुक्रवार.

मी आठवडाभर सेटिंग्ज उघडलं नव्हतं. फोन पर्समध्ये, पर्स खुर्चीला, आवाज मोठा. पाच वाजता ऑफिस सुटताना फोन पाहिला, तर सत्तर टक्के. मी साहू भाभींना दाखवला. त्या म्हणाल्या, "अरे वा, बिना फ्रिज के." परीक्षेत पहिली आल्यासारखी मी घरी निघाले.

मिठूची व्हॅन शाळेनंतर मुलांना पाळणाघरात सोडते आणि संध्याकाळी तिथून आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर आणते. मी कोपऱ्यावर उभी. व्हॅन आली. तीन मुलं उतरली, त्यांत मिठू नव्हती.

व्हॅनवाले भैया म्हणाले, "मिठू को तो दोपहर में ही दादाजी ले गए. स्कूल में बुखार आ गया था. आपको मालूम नहीं?"

मी फोन पाहिला. सत्तर टक्के. एकही मिस कॉल नाही. रेंज पूर्ण.

बाबांना लावला. अर्ध्या रिंगमध्ये उचलला.

"हो, हो, इथंच हाय पोट्टी. डॉक्टरले दाखवलं, औषध देल्लं. आता उतरला ताप. खिचडी खाऊन बसली हाय."

"बाबा, मले कावून नाई सांगितलं?"

"शाळेनं तुलेच पहिले सांगितलं असन म्हटलं. तू कामात असशीन."

बोरसीपर्यंत ऑटोत मी शाळेला मनातल्या मनात काय काय बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. फॉर्मवर माझा नंबर पहिला. कोपऱ्यात मोठ्या अक्षरात मीच लिहिलेला. ज्या एका फोनसाठी मी इतके दिवस जीव टांगून ठेवला, तो त्यांनी केलाच नाही. मिठू रडली असेल, मम्मी मम्मी केलं असेल, आणि मी तिकडे टक्के दाखवत बसले होते.

मिठू हॉलमध्ये, फोनच्या स्टुलाशेजारी चटईवर बसली होती. कपाळ थंड होतं. मी तिला जवळ घेतलं. ती रडेल म्हणून थांबले, पण ती काही रडली नाही. मीच डोळे पुसत विचारलं, "बाळा, मॅडमनी मम्मीला फोन नाही लावला?"

"लावत होत्या ना," मिठू म्हणाली. "मीच नको म्हटलं. मी म्हटलं, मम्मीले नका लावू, तिची बॅटरी जाते. आबाजीले लावा, तो चार्जिंगवरच राहते."