दोन बटणांचा जिना

आमच्या दापोडीच्या घरावर वरची खोली बाबांनी नंतर चढवली. जिना लोखंडी, उभाच्या उभा, मधे एक वळण, आणि दिव्याचं बटण फक्त खाली. म्हणजे दिवा लावून वर जायचं आणि तो रात्रभर जळू द्यायचा, नाहीतर बंद करून अंधारात चढायचं. आईला उगाच जळणारा दिवा बघवत नाही. बाबा गेल्यानंतरही ती कठडा धरून अंधारातच चढायची, "पायऱ्या माझ्या पायाला पाठ आहेत" म्हणायची. एकदा पाठांतर चुकलं आणि पाय मुरगळला.

दादाने लगेच फर्मान काढलं. ताथवड्याला त्याच्या सोसायटीत लिफ्ट आहे, आईने तिकडेच राहायचं. आईला जायचं नव्हतं. संध्याकाळी वरच्या खोलीत गल्लीतल्या बाया बुद्धवंदनेला जमतात, मग तासभर गप्पा नि हसणं. "तिथं मी कुणाशी बोलू, लिफ्टशी?" ती म्हणाली. पण दादाचं चूक नव्हतं, आणि तेच मला जास्त झोंबत होतं. "जिन्याचं काहीतरी कर, नाहीतर रविवारी मी तिला घेऊन जातो," असं मला बजावून तो गेला.

मी चाकणला एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडते. दिवसभर वायरी हातातून जातात, पण त्यातून वीज कशी चालते हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. आमच्या मेंटेनन्सच्या भाऊंना चहाच्या सुट्टीत जिन्याचं सांगितलं तर ते म्हणाले, "दोन टू-वे बटणं आण ताई. एक खाली, एक वर. मधे दोन वायरी." आणि त्यांनी टेबलावर सांडलेल्या चहात बोट फिरवून चित्र काढून दाखवलं.

गुरुवारी सुट्टी होती. मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून खात्री केली आणि जोडायला बसले. खालच्या बटणाच्या मधल्या टोकाला वीज येते. वरच्या बटणाच्या मधल्या टोकावरून ती दिव्याला जाते. दोन्ही बटणं एकाच वायरीवर आली की दिवा लागतो, वेगवेगळ्या वायरींवर गेली की विझतो. बस्स, एवढंच! मेन चालू करून खालचं बटण दाबलं, दिवा लागला. धावत वर गेले, दाबलं, विझला. पुन्हा खाली, पुन्हा वर. धाप लागली तरी थांबवेना. कुठलं बटण मोठं, कुठलं धाकटं, काही नाही. वरचं काय करतंय ते खालच्याला दिसतही नाही, तरी दोघांचं जमतं. इतकी वर्षं वायरी हाताळून मी विजेला पहिल्यांदा भेटत होते.

आता आमची खोड अशी, की कंपनीत प्रत्येक वायरीला खूण लागते. बिनखुणेची वस्तू दिसली की हात शिवशिवतो. आईची नजर अधू, म्हणून दोन्ही बटणांच्या खालच्या बाजूला मी एकेक टिकली चिकटवली. टिकलीची बाजू दाबली की दिवा चालू, असं तिला शिकवलं. हात दाखवून अवलक्षण! शनिवारी तिन्हीसांजेला आई खाली यायला निघाली. दिवा मी खालून लावलाच होता. तिने बल्बकडे न बघता बोटाने टिकली चाचपली, ती बाजू वर उचललेली लागली, म्हणून दाबली. पाऊल उचललं आणि अंधार. तिने कठडा गच्च धरला म्हणून वाचली.

मी रडकुंडीला आले. पण टिकल्या उपटताना डोक्यात लख्ख झालं. या बटणांना चालूची बाजूच नसते! दुसरं बटण जसं असेल तशी ती बदलत राहते. आहे ते उलटं करायचं, एवढंच त्यांना येतं. "बटणाकडे बघूच नकोस, दिव्याकडे बघ," मी आईला म्हटलं. "मग आधीच तसं सांगायचं की," ती म्हणाली.

रविवारी संध्याकाळी दादा आला. "तू इथंच थांब," म्हणत आईने खालचं बटण दाबलं आणि कठडा धरून चढू लागली. वळणापुढे ती दिसेनाशी झाली. आम्ही दोघं दिव्याकडे बघत उभे. दिवा विझला.

दादाने खालून लावला. वरून विझला. त्याने पुन्हा लावला, पुन्हा विझला. तिसऱ्यांदा लावल्यावर वरून आवाज आला, "पोचले रे मी! अजून किती वेळा पोचू?"

"मग राहा तिथंच," दादा म्हणाला. पण त्याचा आवाज इतका भरून आला होता, की ते वर मला ओरडून सांगावं लागलं.