डिक्कीतली दोरी

बाबांच्या स्कूटरच्या डिक्कीत पिवळ्या नायलॉनची एक दोरी असायची, आणि त्या दोरीचा मला भयंकर राग होता.

लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून माझे पाय फक्त चपला घालण्यापुरते. मी बॅटरीवर चालणाऱ्या व्हीलचेअरवर फिरते. घरून मेट्रो स्टेशन, तिथून सीताबर्डीचं ऑफिस, संध्याकाळी तसंच परत. पण खुर्चीखालच्या शिशाच्या दोन बॅटऱ्या दर उन्हाळ्यात मान टाकायच्या. म्हणून वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले माझे बाबा, वय वर्षं चौऱ्याहत्तर, स्टेशनपर्यंत स्कूटरवर मागेमागे यायचे. खुर्ची थांबली की चाकं मोकळी करायचे, दोरी बांधायचे आणि मला ओढत घरी आणायचे. चाळिशी ओलांडलेली बाई, मांडीवर ऑफिसची पर्स, आणि पुढे बापाची स्कूटर. चौकातले लोक मोठ्या आदरानं वाट करून द्यायचे. तो आदर तर मला मुळीच सहन व्हायचा नाही.

"बाबा, तुमी नका येत जाऊ," मी म्हणायचे.

"मंग बंद पडल्यावर काय करशील? नाचत येशील?"

शेवटी मी ठरवलं की लिथियमची बॅटरी आपणच बांधायची. ई-रिक्षांच्या बॅटऱ्या बांधणाऱ्या एका मिस्त्रीकडे मी बरेच रविवार बसून शिकले. मग विटेएवढे आठ सेल घरी आले. बाबांनी ते लांबूनच पाहिले.

"हे घरात ठेवून राहिली? यानं मोबाइल फुटते म्हणते."

"हा वेगळ्या प्रकारचा आहे बाबा. शांत स्वभावाचा."

"म्हणजे तुह्यासारखा नाही."

पण दुसऱ्या दिवशी त्यांचा चष्मा आणि मल्टिमीटर जेवणाच्या टेबलावर होते. लाइनमनचा एक नियम त्यांनी मला घालून दिला. लाइन बंद आहे असं दुसऱ्यानं सांगितलं तर मानायचं नाही, आपण तपासायचं. त्यामुळे मी आवळलेला प्रत्येक नट ते तपासणार आणि त्यांनी आवळलेला मी. माझं घड्याळ आणि हातातलं कडं त्यांनी काढायला लावलं, पान्यांच्या दांड्यांना टेप गुंडाळली.

"चोवीस व्होल्टच तर आहे. शॉक नाही लागत," मी कुरकुरले.

"शॉक नाही लागत, पण पाना दोनीकडे टेकला त लालबुंद होते, अन् मंग घर पेटते. पयले फ्यूज लाव, मंग बाकीचं."

म्हणून पहिल्या तारेलाच, टर्मिनलच्या अगदी जवळ, फ्यूज बसला. सेलांवर नजर ठेवणारा एक बोर्ड असतो. कुठे गडबड दिसली की तो सगळी वीज तोडतो. त्याच्या बारीक तारा मी एकेक मोजून जोडल्या. नव्या सेलांना न चालणारा जुना चार्जर चुकूनही हाताला लागू नये म्हणून बाबांनी माळ्यावर फेकला. भांडत भांडत आमची बॅटरी तयार झाली, आणि खुर्ची अशी पळाली की मी अंगणातच ओरडले.

मग मे महिना आला. तापलेले सेल चार्ज करायचे नसतात, हे मला मिस्त्रीनं बजावलं होतं. आणि नागपुरात तापलेल्या कोणत्याही गोष्टीवर एकच उपाय असतो, ती कूलरसमोर ठेवायची. आंबे ठेवतो, पाहुणे ठेवतो. आम्ही बॅटरीही ठेवली, आणि हवा आत जावी म्हणून तिच्या डब्याचं झाकणही उघडं ठेवलं. इतकं मोजूनमापून काम करणाऱ्या दोघा शहाण्यांना एकदाही वाटलं नाही की कूलर वाऱ्याबरोबर पाणीही फेकतो.

दोन आठवड्यांनी स्टेशनच्या अलीकडे खुर्ची थांबली. मागून स्कूटर आली, डिक्की उघडल्याचा आवाज आला. मी रस्ताभर रडले. लाजेनं नाही, रागानं. घरी येऊन म्हटलं, फेकून द्या ते सगळं, माझ्या नशिबात दोरीनं ओढलं जाणंच आहे.

बाबांनी मल्टिमीटर काढला. त्यांनी एकेक सेल तपासला. आठही ठणठणीत होते. मग त्या बारीक तारा बोर्डात खोचायची खिटी काढून माझ्यापुढे धरली. तिच्यावर हिरवा गंज चढला होता.

"एका सेलची खबर येत नव्हती, म्हणून त्यानं लाइन तोडली. बोर्डानं बरोबर केलं. कूलरसमोर ठेवाचं मीच म्हटलं होतं, तू काहून रडून राहिली?"

खरं तर ते मी म्हटलं होतं. दोघांनाही ते माहीत होतं.

नवा बोर्ड आला, झाकणाला रबर लागलं, आणि चार्जिंग भल्या सकाळच्या गारव्यात, कूलर नसलेल्या खोलीत होऊ लागलं. आठवडाभर बाबा मागे आले. दोरी एकदाही निघाली नाही.

त्यानंतरच्या सोमवारी ते म्हणाले, "आज तू जाय. मले घरी काम आहे."

मी आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते मिळालं, आणि मला चक्क भीती वाटली. कोपऱ्यावर सवयीनं मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. क्षणभर वाटलं, परत फिरावं. मग खुर्चीची दांडी पुढे ढकलली.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा बॅटरी अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. व्हरांड्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पिवळी दोरी बांधलेली होती, आणि तिच्यावर माझे कुर्ते वाळत होते.

"बाबा, दोरी काढली? लागली त?"

बाबांनी पेपरातून मान वर केली नाही. "कपडे वाळले असतीन त काढून घे. तुहा हात पोचते, तेवढ्यावरच बांधली."

मी खुर्ची दोरीखाली नेली आणि हात वर केला. पोचत होता.