बेटर, पण कशापेक्षा

"तू तुझ्या मम्मीचा ग्लास घे ना. ते बेटर."

एवढंच वाक्य. आवाज गोड. प्रिन्सिपल मॅडमनी माझ्या मुलीच्या हातातला काचेचा ग्लास काढून घेतला, बेसिनमध्ये ठेवला. मग फिल्टरशेजारच्या स्टँडवरून स्टीलचा एक ग्लास उचलला, उलटा करून त्याचं बूड बघितलं. बुडाला लाल ठिपका होता. तो बघूनच तिच्यापुढं धरला.

मुलगी नववीत. खो-खोची प्रॅक्टिस संपवून स्टाफरूममध्ये पाणी प्यायला आली होती. शाळा सुटल्यावर स्टाफची सगळीच मुलं तिथं येतात. तिच्या आधी ऑफिसमधल्या क्लार्कचा मुलगा काचेच्याच ग्लासनं पाणी पिऊन गेला होता. स्टाफरूममध्ये मॅडम आणि आम्ही मायलेकी सोडून सात जण होते. मी मोजले, मला मोजायची सवय आहे. सातांपैकी एकानंही मान वर केली नाही. एक सर उत्तरपत्रिका तपासत होते, त्यांचं पेन तेवढं थांबलं.

मी कपाटापाशी खडूचे बॉक्स मोजून देत होते.

तिनं ग्लास घेतला. पाणी भरलं, प्याली, ग्लास विसळून पालथा ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही.

"अकरा," मी म्हणाले, आणि बारावा बॉक्स उचलला.

गारखेड्यातल्या एका इंग्रजी शाळेत मी स्टोअर सांभाळते. म्हणजे सांभाळत होते. खडू, डस्टर, फिनाईल, झाडू, नकाशे, कप-बशा, सतरंज्या. कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात, किती, कुणी नेली, परत आली का. शाळेत माझ्या आधी यादी हा प्रकारच नव्हता. मी रजिस्टर सुरू केलं. दर पानाला वरच्या कोपऱ्यात शाईनं नंबर घातला. बी.कॉम. झालेली बाई आहे मी, काम नीट करते. मुलीला इथं प्रवेश मिळाला तो स्टाफची मुलगी म्हणून. या दोन गोष्टींवर आमचं घर उभं आहे.

आता ठिपक्याचं सांगते.

नोकरीचा पहिलाच महिना होता. मॅडमनी बोलावलं. "स्टीलचे चार ग्लास वेगळे काढा. खाली काहीतरी खूण करा. वेगळं असलेलं बेटर."

"कुणासाठी, मॅडम?"

"तुम्ही, दोन्ही मावशी आणि वॉचमन काका."

मी मान डोलावली. स्टोअरमध्ये रंग नव्हता. माझ्या पर्समध्ये नेलपॉलिशची बाटली होती. भावाच्या लग्नासाठी गुलमंडीच्या बाजारातून घेतलेली, गडद लाल. चार ग्लास पालथे घातले आणि प्रत्येकाच्या बुडाशी एक ठिपका लावला. गोल, एकसारखे. फुंकर मारून वाळवले. मॅडम म्हणाल्या, "किती नीट काम आहे तुमचं." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

स्टाफचे ग्लास हरवू नयेत म्हणून असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण क्लार्कही नॉन-टीचिंगच. प्यून आणि बसचा ड्रायव्हरही. त्यांना ठिपका नाही. आम्ही चौघं वेगवेगळ्या गावांचे, वेगवेगळ्या आडनावांचे. आमच्यात एकच गोष्ट सारखी होती, आणि ती सर्व्हिस फॉर्मच्या एका रकान्यात लिहिलेली होती. ते फॉर्म फाईलला मीच लावले होते. तेव्हा कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. कळलेलं मी कुठल्याच यादीत घेतलं नाही.

जात हा शब्द त्या शाळेत मी एकदाही ऐकला नाही. बेटर मात्र रोज ऐकला.

मला इंग्रजी बोलायचं होतं. म्हणून स्टाफरूममध्ये सारखा कानावर येणारा शब्द मी वहीच्या मागच्या पानावर, तो ज्या वाक्यात आला त्या वाक्यासकट उतरवून घ्यायचे. बेटरला एक पान पुरलं नाही. डेंग्यूतून उठून आलेल्या टीचरना सगळे विचारायचे, फीलिंग बेटर? शर्यतीत मागं राहिलेल्या पोराला म्हणायचे, बेटर लक नेक्स्ट टाइम. सिलॅबस मागं पडला की मॅडम हसत म्हणायच्या, यू बेटर फिनिश इट, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा उतरायचा. डिक्शनरीत बघितलं तर अर्थ होता, अधिक चांगला. सोपं आहे, मला वाटलं. आजारी माणूस कालच्यापेक्षा चांगला. पुढची शर्यत या शर्यतीपेक्षा चांगली. जिथं तिथं एक पेक्षा लपलेला होता आणि शोधला की सापडायचा.

काही वाक्यांत तो सापडेना. "या वर्षी ॲडमिशन्स बेटर फॅमिलीजमधून आल्यात." "या पोरांनी डबा बाहेर बसून खाल्लेला बेटर." "वेगळं असलेलं बेटर." या वाक्यांपुढं मी पेन्सिलनं प्रश्नचिन्ह केलं होतं. तीन वर्षं ती चिन्हं तशीच राहिली. मी वही बंद करायचे आणि फिनाईलच्या बाटल्या मोजायला जायचे.

त्या संध्याकाळी घरी मी भाकरी थापत होते. मुलगी ओट्याला टेकून उभी राहिली.

"मम्मी, त्या ग्लासला खाली रेड काय आहे?"

"खूण आहे."

"कुणी लावली?"

भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं.

"मम्मी, कुणी लावली?"

"मी."

ती म्हणाली, "मामाच्या लग्नातली नेलपॉलिश ना ती? मला लावू दिली नव्हतीस. संपली म्हणालीस."

"मॅडम म्हणाल्या, ते बेटर. कशापेक्षा बेटर?"

भाकरी करपली. मी ती उलटली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "उद्यापासून मी बाटली नेते. टेन्शन नको घेऊ."

आणि तिनं खरंच फडताळातून बाटली काढली, धुतली, दप्तराशेजारी ठेवली. माझ्यासारखीच आहे ती. अडचण आली की रडत बसत नाही, सोय करते. मी तिच्याकडं बघत राहिले. मीसुद्धा आजवर सोयच केली होती.

आमचं गाव बिडकीनकडचं. स्टँडवरच्या हॉटेलात आमच्या माणसांसाठी एक कप बाहेर कोनाड्यात असायचा. कान तुटलेला. आई बाजाराच्या दिवशी त्यात चहा प्यायची, विसळायची, परत कोनाड्यात ठेवायची. मी घोटभर मागितला की म्हणायची, "घरी पी." ओठ सुकले तरी तिनं मला तो कप हातात घेऊ दिला नाही. अंगठा उठवणारी माझी आई. तिनं एवढं केलं. आणि मी शिकले, नोकरी धरली, आणि माझ्या पोरीच्या हातात जायचा ग्लास स्वतः रंगवून ठेवला. फुंकर मारून.

त्या रात्रीचं काही सांगत नाही. सकाळी मी वेळेवर शाळेत गेले.

वर्षअखेरची स्टॉक तपासणी आठवड्यावर आली होती. शाळेची रीत अशी की ट्रस्टी साहेब येतात, मी रजिस्टर पुढं ठेवते, ते पान उलटतात आणि खाली सही करतात. पान उलटणं, सही, पान उलटणं, सही. मध्ये चहा.

मी मावशींना स्टोअरमध्ये बोलावलं. थोरल्या मावशी, आमच्यात वयानं मोठ्या. सांगितलं की ग्लासांचं मी रजिस्टरला लिहिणार आहे. चौघांची नावं घालणार आहे.

मावशींनी आधी दार लोटून घेतलं. "बाई, मला कशाला ओढती? माझी दोन वर्षं राह्यली."

"मावशी, तुम्हाला ठाऊक होतं ना ठिपका कशाचा ते?"

"व्हय तर. पयल्या दिवशीच. तू ठिपकं लावत होती तवा मी फरशी पुसत नव्हते का हितंच? म्हनलं, शिकेल बाई हाय, तिला समजत आसंल." मग पदर सावरत म्हणाल्या, "लई नीट लावले व्हते पन. नजर लागंल असे."

त्या हसल्या नाहीत. मीही नाही.

"माझं नाव नको घालू," त्या म्हणाल्या. मी घातलं नाही. धाकट्या मावशी आणि वॉचमन काकांना विचारलंच नाही. मग ओळ अशी लिहिली:

स्टीलचे ग्लास, नग चार. बुडाला लाल ठिपका. ठिपका मी लावला, प्रिन्सिपल मॅडमच्या सांगण्यावरून. हे ग्लास जातीवरून वेगळे ठेवले आहेत. वापरणारे, मी आणि आणखी तीन कर्मचारी. यातला एक ग्लास माझ्या मुलीला स्टाफरूममध्ये सर्वांसमोर देण्यात आला.

वर सतरंज्या, खाली डस्टर. मध्ये ही ओळ.

ट्रस्टी साहेब आले. पान उलटलं. सही केली. पुढचं पान उलटलं. "व्यवस्थित ठेवलंय," म्हणाले. चहा त्यांनी सोनेरी काठाच्या कपातून घेतला.

मॅडमनी ते दोन दिवसांनी वाचलं. मला केबिनमध्ये बोलावलं. रजिस्टर टेबलावर उघडं होतं.

"हे काय लिहिलंय तुम्ही?"

"आहे ते."

"आपण इतकी वर्षं एका फॅमिलीसारखे राहतो. माझ्या मनात असलं काही नसतं. हायजीनसाठी सांगितलं होतं मी." त्यांचा आवाज अजून गोडच होता. "हे पान नवीन लिहून काढा. साहेबांची सही मी परत घेते. तुमच्यासाठीच बेटर."

खुर्ची समोर होती, पण बसा म्हटलं नव्हतं. मी टेबलाची कड धरली.

"कशापेक्षा, मॅडम?"

त्यांनी चष्मा काढला. "तुमच्या मुलीची पुढच्या वर्षी दहावी आहे. विचार करा."

तीन वर्षांत पहिल्यांदा तो पेक्षा पूर्ण झाला. वहीतल्या साऱ्या प्रश्नचिन्हांपुढं आता एकच शब्द बसत होता, आमच्यापेक्षा.

"पान लिहून काढणार नाही," मी म्हणाले. आणि बाहेर आले. त्या इमारतीत आता मी पाणी पिणार नव्हते.

सोमवारपासून स्टोअरची चावी माझ्याकडं नाही. मला गेटजवळच्या खोलीत बसवलंय. व्हिजिटरच्या नोंदी घ्यायला. स्टाफरूममधले माझ्याशी नीट बोलतात, पण थांबत नाहीत. मावशी लांबून मान हलवतात. दहावीच्या वर्गाची यादी अजून लागलेली नाही. तिच्यात माझ्या मुलीचं नाव असेल की नाही, मला माहीत नाही. विचारायला कुणाकडं जायचं तेही माहीत नाही. ती विचारते, "लागली का?" मी म्हणते, "नाही." ती बाटली भरून दप्तरात ठेवते.

काल मावशी गेटवर थांबल्या. म्हणाल्या, "ठिपकं खरवडून टाकू का? ब्लेडनं निघत्याल."

"नाय," मी म्हणाले. "हात लावू नका."

ठिपके मी पुसणार नाही, मावशींनाही पुसू देणार नाही. ज्यांनी लावायला सांगितले त्यांनी पुसायचे, स्वतःच्या हातानं, माझ्यादेखत, आणि माझ्या मुलीदेखत. ते रजिस्टर आता मॅडमच्या कपाटात आहे. ओळ आहे त्या पानावर साहेबांची सही आहे. पान फाडलं तर एक नंबर कमी पडेल, आणि नंबर मी घातलेत. त्या पानाचा फोटो माझ्याकडं आहे. कायदा आहे, त्याला साक्षीदार लागतात, हेही मी विचारून आले.

म्हणून नवीन वही केली. पहिल्या पानावर सात नावं. त्या दिवशी स्टाफरूममध्ये होते ते सात. ज्या सरांचं पेन थांबलं, ते एक नंबरला. ते रोज माझ्या गेटमधून आत येतात. उद्या आले की मी उभी राहीन आणि विचारीन, सर, तुम्ही पाहिलं की नाही? हो म्हणाले तरी लिहीन. नाही म्हणाले तरी लिहीन. मग दोन नंबर.