बॅटरीविना लागलेला दिवा

मी सॉफ्टवेअरमधली. प्रत्येक एररला कारण असतं, यावरच माझी नोकरी चालते. कारण न सापडणारे, चमत्कारासारखे अनुभव कुणी सांगू लागलं की मी उठून चहा करायला जायचे. म्हणूनच हा इतकी वर्षं कुणाला सांगितला नाही...

सन २००० लागताना संगणक बिघडतील म्हणून चाललेली वायटूकेची धावपळ संपून वर्ष झालं होतं. बाबांना विस्मरणाचा आजार होता. ते मला ‘ताई’ म्हणायचे, अगदी परक्या बाईला म्हणावं तसं. ओळखायचे ते फक्त त्यांच्या जुन्या गाडीला. नारायण पेठेत आमच्या इमारतीखाली ती उभी असायची आणि बाबा रोज तिच्यात जाऊन बसायचे. वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं. म्हटलं, आपणच बदलू, बाबांना खडकवासल्याला तरी नेता येईल.

जुन्या बाजारात त्याच मॉडेलची एक गाडी भंगारात निघाली होती.

“वायरी कापू नका मॅडम,” भंगारवाले चाचा म्हणाले, “क्लिपा सोडवा, अख्खं वायरिंग सलग निघेल.”

तसंच काढलं, छताच्या दिव्यासकट.

पुढच्या रविवारी दुपारी शेवटची जोडणी केली. माझा नवरा समीर चार्जिंगला दिलेली बॅटरी आणायला गेला होता. बाबा स्टिअरिंगपाशी, मी शेजारी. आणि छताचा दिवा लागला... मंद, हळदीच्या दुधासारखा पिवळा. गल्लीतले हॉर्न पाण्याखालून आल्यासारखे वाटू लागले.

बाबा वळले.

“नंदू, किती वाळलीस गं! ऑफिसात डबा खायला वेळ देतात ना?”

“देतात, बाबा.”

“वायरिंग कुणी केलं?”

“मी.”

“तरीच!” ते हसले. माझ्या केसांतली जळमटं काढत बसले... सावकाश, एकेक.

मग फाटकातून समीरचा आवाज आला, “अगं, दिवा कसा लागलाय? बॅटरी तर माझ्या हातात आहे!”

दिवा हळूहळू मावळला. बाबांनी हात मागे घेतला, समोर बघत विचारलं, “ताई, आपल्याला कुठे उतरायचंय?”

समीरने मीटर लावून वायर न् वायर तपासली. काहीही सापडलं नाही. बॅटरी जोडल्यावर दिवा साध्या दिव्यासारखा लागला. आम्ही खडकवासल्याला जाऊन आलो, बाबा वाऱ्यावर खूश होते. माझं नाव मात्र त्यांनी पुन्हा कधीच घेतलं नाही.

कारण मला अजून ठाऊक नाही. दिवा दहाएक मिनिटं लागला असेल. त्यातला निम्मा वेळ मी बाबांकडे बघायचं सोडून दिव्याकडेच बघत होते.